ब्रेकसरांची दुसरी सही

गाडी शिकवणाऱ्या शाळेत त्यांना सगळे ब्रेकसर म्हणत. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. बाकीचे शिक्षक तो असा दाबत की शिकणाऱ्याचं कपाळ स्टिअरिंगवर जायचं, आणि वर चार शब्द ऐकावे लागायचे ते वेगळेच. हे सर मात्र ब्रेक इतका अलगद लावत की गाडी आपणच थांबवली असं शिकणाऱ्याला वाटे. "बघा, जमलं की नाही!" म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसत. वीस वर्षांत आपण हजारभर माणसांना रस्त्यावर आणलं, चांगल्या अर्थाने, हा त्यांचा ठरलेला विनोद. भित्री माणसं शाळा मुद्दाम त्यांच्याकडे पाठवी.

बँकेतल्या बाई अशाच भित्र्यांपैकी. एका सकाळी त्या मैदानात दोन खांबांच्या मध्ये गाडी मागे घेत होत्या. सर मान वळवून मागे बघत होते. त्यांच्या उजव्या नाकपुडीतून एक थेंब पांढऱ्या शर्टावर पडला, मग दुसरा, आणि मग नळ सोडल्यासारखी धार लागली. बाईंनी ते पाहिलं आणि घाबरून पाय नेमका नको तिथे दाबला. गाडी खांब पाडून कुंपणाला टेकायच्या बेतात असताना सरांनी थांबवली. रुमाल, बाईंची ओढणी, गाडी पुसायचं फडकं, सगळं लाल झालं. बाई रडकुंडीला येऊन विचारत होत्या, "माझ्यामुळे झालं का हो सर? मी जोरात वळवली का?"

नाकातून रक्त त्याआधीही तीन-चारदा आलं होतं. घरात त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. उजवी नाकपुडी तर वर्षभर बंदच होती, पण सर्दी कुणाला नसते! आता मात्र शाळेच्या मालकांनी त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. त्या डॉक्टरांनी दुर्बिणीची नळी नाकात घातली, क्षणभर बघितलं आणि जितक्या सावकाश घातली होती त्याहून सावकाश बाहेर काढली.

"याला मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "तपासायला तुकडासुद्धा काढायचा नाही. मोठ्या रुग्णालयात जा."

मोठ्या रुग्णालयात नाकाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांतून नजर न काढणाऱ्या. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. नाकाच्या पार मागे, घशाच्या वरच्या अंगाला, लिंबाएवढी गाठ होती. कर्करोग नाही, त्यांनी आधी सांगून टाकलं. पण ही गाठ नुसत्या रक्तवाहिन्यांचीच बनलेली असते. वाढत राहते, कधीही फुटते आणि काढायला गेलं तर भडाभडा वाहते. "अशा वेळी रक्ताच्या चार-पाच पिशव्या हाताशी ठेवून आम्ही उतरतो."

"आम्ही रक्त घेत नाही," सरांच्या शेजारून त्यांची बायको म्हणाली.

तिचा आवाज चढा नव्हता. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची आणि केसाएवढी चूकही चालत नाही हे तिला ठाऊक होतं. तिच्या माहेरचं सगळं कुटुंब एका छोट्या प्रार्थनामंडळातलं. रक्त म्हणजे देवाने ज्याचं त्याला दिलेलं आयुष्य, ते एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात घालायचं नाही, ही तिथली श्रद्धा. सर लग्नानंतर त्यात आले. आधी बायकोसाठी, मग हळूहळू स्वतःसाठी. पाकिटात तशी चिठ्ठी कायम असायची. ती ठेवताना ते कधी डगमगले नव्हते, हेही सांगायला हवं. ढोंगी माणूस नव्हता तो.

डॉक्टरबाईंनी कपाळाला आठी घातली नाही की व्याख्यान दिलं नाही. त्या म्हणाल्या, "मग आपल्याला वेगळ्या रस्त्याने जावं लागेल. वेळ लागेल. आणि हा प्रश्न मी प्रत्येक पेशंटला एकदा एकट्याला विचारते. तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बायको बाहेर गेली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "जीव जायची वेळ आली तरी नाही?"

"नाही," सर म्हणाले आणि कागदावर ठसठशीत सही केली. खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

पुढचे सहा आठवडे त्यांच्या अंगात रक्त साठवण्यात गेले. आठवड्याला लोहाची सलाईन, वर रक्त वाढवायची इंजेक्शनं. तपासणीला रक्त काढायचं तेही तान्ह्या बाळांच्या चिमुकल्या नळीत, एक थेंब वाया जायला नको म्हणून. अकरावर असलेलं हिमोग्लोबिन साडेपंधरावर गेलं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मांडीच्या धमनीतून बारीक नळी थेट गाठीपर्यंत नेऊन तिला रक्त पुरवणारी वाट आतून बुजवली. सर त्या वेळी जागे होते. जबड्यात ठणका लागला तर टेबलापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना म्हणाले, "रस्ता बंद, पर्यायी मार्गाने जावे." सगळे हसले. मंडळाचे काका, म्हणजे तिथले सर्वांत वडील माणूस, संध्याकाळी भेटायला आले आणि म्हणाले, "तुझा धीर बघून आम्हाला बळ येतं रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डमधल्या शिपाईमामांनी त्यांना ट्रॉलीवर घेतलं. बायको आणि पंधरा वर्षांची मुलगी काचेच्या दारापर्यंत आल्या. मुलीने त्यांच्या पायाचा अंगठा दाबला. दार बंद झालं.

आत काहीही विशेष घडलं नाही. कुणी घाबरवलं नाही, कुणी रडलं नाही. एक नर्स कापडाच्या घड्या मोजत होती, दुसरी तिला विचारत होती की डब्यात काय आणलंयस. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कुठला दात हलतो का ते पाहिलं. सर छताकडे बघत पडले होते. आणि एकाएकी, गार पाण्यात पाय पडावा तसं, त्यांना कळलं की आपण मरू शकतो. आज. या नर्सने डबा उघडायच्या आत. इतके दिवस हा शब्द ते तोंडाने बोलत होते, तो आता पोटात शिरला.

डॉक्टरबाई हात धुवायला जाता जाता ट्रॉलीपाशी थांबल्या. सरांनी त्यांची बाही धरली.

"बाई," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की त्यांना वाकावं लागलं. "तशीच वेळ आली... तर द्या."

"काय देऊ? नीट सांगा."

"रक्त."

डॉक्टरबाई हलल्या नाहीत. त्यांनी भूल देणाऱ्यांना विचारलं, अजून काही औषध दिलंय का? नव्हतं दिलं. मग त्यांनी सरांना तारीख विचारली, वार विचारला, तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. नर्सला साक्षीला बोलावलं. "जीव वाचवायला दुसरा इलाज उरला नाही तरच," असं लिहिलेला नवा कागद आला. पडल्यापडल्याच सरांनी सही केली. रेघ ओढायची राहिली, टिंबं द्यायची राहिली.

"बाहेर सांगू नका," ते म्हणाले.

"तुम्ही सांगितल्याशिवाय माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही." डॉक्टरबाईंनी त्यांचा हात बाहीवरून सोडवला आणि चादरीखाली ठेवला.

शस्त्रक्रिया चार तास चालली. रक्तदाब मुद्दाम उतरवून, डोकं वर ठेवून, दोन्ही नाकपुड्यांतून अवजारं घालून त्या बाईंनी ती गाठ अख्खी सोडवली. बाहेर चिरा नाही की टाका नाही. वाहून गेलं ते रक्त दोन पेल्यांहून कमी, आणि त्यातलंही बरंचसं यंत्राने धुऊन त्यांच्याच अंगात परत घातलं. शीतपेटीतून मागवलेल्या दोन पिशव्या जशाच्या तशा परत गेल्या.

सर शुद्धीवर आले तेव्हा नाकात बोळे कोंबलेले, तोंडाने श्वास चाललेला. डॉक्टरबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "पिशवी उघडलीसुद्धा नाही. निजा आता."

सुटकेने माणसाला रडू यावं. सरांना आधी आठवलं ते काचेचं दार.

बायको आत आली. तिचे डोळे सुजले होते, चेहरा मात्र उजळला होता. "अहो, थेंबभरही लागलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही शब्दाला जागलात." नाकात बोळे असल्यामुळे सरांना उत्तर द्यावं लागलं नाही. त्या बोळ्यांचे त्यांनी मनोमन आभार मानले, आणि लगेच स्वतःची घृणा आली.

इथे सगळं मिटलं असतं. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. पण तीन आठवड्यांनी काकांनी त्यांना मंडळात चार शब्द बोलायला उभं केलं. सरांनी टाळायचा प्रयत्न केला. घसा दुखतो म्हणाले. "दोन मिनिटं बोल," काका म्हणाले. सर उभे राहिले. लोहाच्या सलाईनी, तान्ह्या बाळाच्या नळ्या, बुजवलेला रस्ता, सगळं त्यांनी नेहमीच्या ढंगात सांगितलं. लोक हसले, डोळे पुसले. ट्रॉलीपाशी आल्यावर ते थांबले. आता सांगावं, असं मनात आलंही. समोर पहिल्या रांगेत बायको बसली होती, मान ताठ, हात मांडीवर. "आणि मग... भूल दिली," ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

कुणीतरी ते फोनवर चित्रित केलं होतं. ते या घरातून त्या घरात फिरलं. दुसऱ्या गावच्या मंडळाने बोलावलं, मग तिसऱ्या. दर वेळी भाषण थोडं लांबत गेलं, आणि दर वेळी त्या एका जागी ते त्याच सफाईने वळण घेत. घरी आल्यावर आरशासमोर दाढी करताना ते स्वतःच्या डोळ्यांना डोळा देत नसत. कधी वाटे, आपण मुलीसाठी ती सही केली, पोरगी लहान आहे, तिचं कोण बघणार? पण ट्रॉलीवर मुलगी आठवलीच नव्हती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आठवला होता फक्त स्वतःचा जीव. मुलीचं नाव पुढे करतोय हे लक्षात आलं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

मग एके दिवशी एक पाळणाघरवाली घरी आली. मंडळातलीच, बत्तीस वर्षांची, चार वर्षांची एक मुलगी पदरात. गर्भाशयात गाठी होत्या, दर महिन्याला रक्त जाऊन जाऊन चेहरा कागदासारखा झाला होता. शस्त्रक्रिया ठरली होती आणि तिनेही नकाराचा कागद भरला होता.

"दादा, तुमचं भाषण तीनदा ऐकलं," ती म्हणाली. "म्हटलं प्रत्यक्ष भेटावं. आत गेल्यावर कसं वाटतं हो?"

बायको चहा घेऊन शेजारीच उभी होती. सर म्हणाले, "काही नाही गं. धीर धरायचा."

ती गेली. सरांना दोन घास गेले नाहीत. पुढचे चार दिवस त्यांनी गाडी शिकवली, पण एकाला डावीकडे वळायला सांगायचं तर उजवीकडे सांगितलं. उद्या ही बाई आपल्याकडे बघून आत गेली आणि परत आली नाही तर? तिच्या मुलीला कुठल्या तोंडाने भेटायचं? शस्त्रक्रिया मंगळवारी होती. सोमवारी दुपारी दोन धड्यांच्या मध्ये त्यांनी गाडी पाळणाघराशी लावली.

आत पडदे ओढलेले होते. सात-आठ मुलं सतरंजीवर ओळीने झोपली होती. पाळणाघरवालीने तोंडावर बोट ठेवलं आणि त्यांना भिंतीशी बुटक्या स्टुलावर बसवलं. गुडघे हनुवटीशी आले. अशा बसकणीत, कुजबुजत, सरांनी सगळं सांगितलं. दुसरी सही सांगितली. भाषणात काय गाळलं ते सांगितलं. मध्येच एक मूल कुशीवर वळलं, तिने त्याला थोपटलं.

"म्हणून म्हणतो, माझ्याकडे बघून काही ठरवू नकोस," त्यांनी शेवट केला.

तिने पडद्याची फट ओढून घेतली. मग म्हणाली, "दादा, मी तुमच्याकडे बघून नव्हतंच ठरवलं. माझं ठरलेलं होतं. मी विचारायला आले होते की आत थंडी वाजते का. मला थंडी सहन होत नाही. वहिनींसमोर एवढंसं काय विचारायचं म्हणून राहिलं."

सरांचे कान तापले. चार दिवस ते स्वतःला तिच्या जिवाचे धनी समजत होते. "वाजते," ते म्हणाले. "पांघरूण माग. देतात."

"वहिनींना माहीत आहे का हे?"

"नाही."

"म्हणजे त्यांच्याआधी मला सांगितलंत." तिने मान हलवली. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिने हळूच विचारलं, "त्या बाईंनी तुम्हाला आयत्या वेळी बदलू दिलं? रागावल्या नाहीत?"

"नाही. दोनदा विचारलं फक्त."

मंगळवारी तिची शस्त्रक्रिया झाली आणि ती सुखरूप घरी आली. तिने शेवटपर्यंत नकार ठेवला की नाही, कुणाला ठाऊक नाही. सरांनी विचारलं नाही. तेवढी अक्कल त्यांना आली होती.

पाळणाघरातून आल्यावर त्याच सोमवारी संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं होतं. ती ओट्याशी भांडी पुसत होती. ऐकताना तिने तीच थाळी चार वेळा पुसली.

"डॉक्टरबाईंना माहीत," ती शेवटी म्हणाली. "त्या नर्सला माहीत. पाळणाघरवालीला माहीत. आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते."

"अगं, मला..."

"रक्ताचं तुमचं तुमच्यापाशी. भीती वाटली असेल, माणूस आहात. पण मला कशाला उभं केलंत तिथे खुळ्यासारखं?"

अकरा दिवस ती मुलीच्या खोलीत झोपली. बोलणं झालं ते एवढंच: भाजी आणा, गॅस संपलाय, पाणी गेलंय. मुलीला काय झालंय ते कळलं नाही, तिने बापाला विचारलं, "बाबा, तुम्ही काय केलंत?" सरांनी तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच?" आणि मग आईचा चेहरा आठवून म्हणाली, "नाही, एवढंच नाहीये."

काकांकडे सर आपण होऊन गेले. काका ऐकून घेत राहिले. रागावतील, मंडळातून काढतील, अशी सरांनी तयारी केली होती. काका म्हणाले, "भ्यालास हे मी समजू शकतो. मी त्या ट्रॉलीवर झोपलेलो नाही, मी काय बोलू? पण तू टाळ्या घेतल्यास. एकदा नाही, तीन गावांत." मग म्हणाले, "पुढच्या रविवारी उभा राहा आणि राहिलेलं सांग."

सर उभे राहिले. या वेळी विनोद केला नाही. दीड मिनिटात संपलं. बाहेर पडताना दोन-तीन जणांनी नजर चुकवली, एका म्हाताऱ्या बाईंनी उगाचच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि ज्याने ते भाषण फोनवर घेतलं होतं तो म्हणाला, "आता हे कसं पुसायचं सगळ्यांच्या फोनमधून?" त्यानंतर सर मागच्या रांगेत बसू लागले. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

बायको बाराव्या दिवशी आपल्या खोलीत परत आली. का आली, ते तिने सांगितलं नाही. उशी ठेवता ठेवता म्हणाली, "मी काचेपाशीच उभी होते. हाक मारायची होतीत."

"लाज वाटली," सर म्हणाले.

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

वर्षाने डॉक्टरबाईंकडे तपासणीला गेले तेव्हा बायको बरोबर होती. नळी नाकात गेली, पडद्यावर गुलाबी, ओली, मोकळी वाट दिसली. "स्वच्छ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी फाइल उघडली. पुढे कधी लागलं तर असावं म्हणून एक रकाना दर वर्षी नव्याने भरायचा असतो. त्यांनी सवयीने बायकोकडे पाहिलं. "जरा बाहेर..."

"राहू दे तिला," सर म्हणाले.

"मग विचारू? रक्त चालेल?"

बायको पडद्यावरच्या चित्राकडे बघत होती. आपण आता जे बोलू त्याने ती दुखावणार, हे सरांना स्पष्ट दिसत होतं.

"जीव जात असेल तर चालेल," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी लिहिलं. जिना उतरताना बायको एक पायरी पुढे होती. खालच्या वळणावर थांबून, मागे न बघता ती म्हणाली, "मला पटलेलं नाही. पटणारही नाही."

"माहीत आहे."

"पण या वेळी मला ऐकू आलं," ती म्हणाली, आणि उरलेल्या पायऱ्या तिने त्यांच्या बरोबरीने उतरल्या.